डिझेल नावाचा माणूस

जानेवारीतली पहाट होती, तीन वाजून गेले होते. आमच्या सरकारी रुग्णालयातून एका रुग्णाला पुण्याला हलवायचे होते. पन्नाशीतला माणूस, कारखान्यात फिटर, छातीत कळ, ईसीजीवर झटक्याची स्पष्ट खूण आणि आमच्याकडे अँजिओप्लास्टीची सोय नाही. स्ट्रेचर चढवले, सलाईन अडकवले, सिस्टर बसल्या. चालकमामांनी किल्ली फिरवली ती अर्धीच. समोर पिवळा दिवा लागला आणि मामा हात बांधून स्वस्थ बसून राहिले. मी मागून ओरडलोच. त्यांनी मान न वळवता एवढेच सांगितले, की हीटर तापल्याशिवाय गाडी घेणार नाही. दहा-पंधरा सेकंद गेली असतील. मला ती दहा मिनिटांसारखी वाटली. दिवा विझला, इंजिनाने एक ठसका दिला, मागून काळ्या धुराचा लोट सोडला आणि गाडी फाटकाबाहेर पडली. रुग्ण वाचला.

त्या गाडीत २.४ लिटरचे, चार सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन होते. पिंपरी-चिंचवडमध्ये ते ज्याने पाहिले-ऐकले नाही असा माणूस विरळा. कंपन्यांच्या शिफ्टच्या गाड्या, लग्नाची वऱ्हाडे, शाळेच्या सहली, अष्टविनायक यात्रा आणि आमचे रुग्ण, सगळ्यांना त्याने वर्षानुवर्षे ओढले. आपण रोज दोन विशेषनामे सामान्यनामांसारखी वापरतो आणि ती विशेषनामे आहेत हेच विसरतो. एक टेम्पो. हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या तीनचाकी मालगाडीचे हे नाव. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू झाली, आकुर्डीत नांदली आणि मराठीत माल वाहणारी कोणतीही छोटी गाडी टेम्पो झाली. दुसरे नाव डिझेल. पंपावर ज्याचा भाव आपण रोज विचारतो ते एका माणसाचे आडनाव आहे. तो माणूस आयुष्यभर डोकेदुखीने हैराण होता, कीर्तीच्या शिखरावर असताना मानसिक आजाराच्या रुग्णालयात दाखल झाला आणि पंचावन्नाव्या वर्षी बोटीवरून नाहीसा झाला. मला त्याच्या इंजिनाइतकेच त्याच्या केसपेपरविषयीही कुतूहल आहे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. वडील कातडी वस्तू बनवणारे कारागीर, शिस्तीचे आणि हाताचे कडक. मुलगा हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे माल पोहोचवायचा आणि वेळ मिळाला की यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन वाफेच्या जुन्या यंत्रांची चित्रे काढत बसायचा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावे लागले. कुटुंब लंडनला गेले, तिथे दोन वेळच्या जेवणाचीच पंचाईत. तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवून दिले. युद्धकाळातला तो प्रवास आठ दिवसांचा होता.

ऑग्सबुर्गच्या शाळेत त्याला आपले गणित सापडले. चौदाव्या वर्षी त्याने घरी कळवून टाकले, की मी इंजिनिअर होणार. वडिलांची इच्छा होती की मुलाने लवकर कमावते व्हावे; पण शिष्यवृत्ती मिळाली आणि तो म्युनिकच्या तंत्रशाळेत पोहोचला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू भेटले. शीतकरणाच्या यंत्रांचा हा आद्य पुरुष. लसीचा डबा थंड राहतो त्यामागे लिंडे यांच्या कामाचाही वाटा आहे, म्हणून डॉक्टरांनीही हे नाव लक्षात ठेवावे असे मला वाटते. लिंडे यांनी वर्गात सांगितले, की वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के कामाला लावते, बाकी सगळी वाया जाते. डिझेलने हे वाक्य वहीच्या समासात टिपले आणि पुढची पंधरा-सोळा वर्षे डोक्यातून जाऊ दिले नाही.

१८७९ मध्ये अंतिम परीक्षेच्या तोंडावर त्याला विषमज्वर झाला. आज टायफॉइडचा रुग्ण बहुधा दोन आठवड्यांत प्रतिजैविके घेऊन घरी जातो. तेव्हा हा जंतू कोणी ओळखलाही नव्हता. एबर्थने तो १८८० मध्ये दाखवला, त्यावरचे पहिले परिणामकारक औषध त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी आले. दूषित पाण्यातून येणारा हा ताप तीन-चार आठवडे चालायचा, आतड्याला भोक पडले की रुग्ण हातचा जायचा. डिझेल वाचला, पण परीक्षा हुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमध्ये झुल्त्सर यांच्या कारखान्यात हाताला तेल लावून काम केले आणि १८८० च्या जानेवारीत परीक्षा दिली. गुण असे मिळाले, की तोवर त्या संस्थेत कोणाला मिळाले नव्हते.

पुढची दहा वर्षे पॅरिसला लिंडे यांचा प्रतिनिधी म्हणून तो बर्फाची यंत्रे बसवत फिरला. त्याचे पहिले पेटंट बाटलीत बर्फ तयार करण्याचे. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झाले, तीन मुले झाली. दिवसा नोकरी आणि रात्री अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचा नाद. अमोनिया डोळ्यांना आणि श्वासनलिकेला किती झोंबतो हे कोल्ड स्टोरेजमध्ये काम केलेल्याला विचारावे. ते इंजिन काही जमले नाही. डोकेदुखीचा उल्लेख याच काळापासून त्याच्या चरित्रात वारंवार येतो, पुढे निद्रानाश आणि गाउटही येतात. आजच्या भाषेत त्याला मायग्रेन म्हणायचे की आणखी काही, हे शंभर वर्षांनंतर खुर्चीत बसून ठरवण्याचा मोह मी टाळतो.

मग त्याने साधी हवाच घ्यायची ठरवली. सायकलला हवा भरताना पंप खालून गरम होतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. खूप दाबली, तर इतकी तापेल की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेटेल. ठिणगी नको, ज्योत नको. २७ फेब्रुवारी १८९२ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळाले. ऑग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि तोफांसाठी प्रसिद्ध असलेली क्रुप या दोघांनी पैसे घातले.

कागदावरचे गणित आणि ओतीव लोखंड यांच्यात किती अंतर असते ते १० ऑगस्ट १८९३ रोजी कळले. पहिल्या यंत्रात इंधन सोडले, ते पेटले, आतला दाब ८० पटींच्या घरात गेला आणि दाब मोजणारे उपकरणच फुटून त्याच्या चिंधड्या उडाल्या. डिझेल आणि त्याचा सहकारी थोडक्यात बचावले. इतर कोणी हा अपघात मानला असता. त्याने मात्र यातून नेमके हवे ते उचलले: हवा दाबून इंधन पेटते, हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी दुसरे यंत्र पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले, मिनिटाला ८८ फेऱ्या, आणि तेही एक मिनिटभर. त्या एका मिनिटाला वापरण्याजोगे इंजिन व्हायला आणखी तीन वर्षे लागली. १७ फेब्रुवारी १८९७ ला प्रा. श्र्योटर यांनी रीतसर चाचणी घेतली. सुमारे १८ अश्वशक्ती, मिनिटाला १५४ फेऱ्या आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. लिंडे यांच्या वर्गातल्या सहा-दहा टक्क्यांच्या जवळजवळ तिप्पट.

पैसा धबधब्यासारखा आला. अमेरिकेचे हक्क बिअरसम्राट अडोल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये एका नव्या कंपनीने त्याचे हक्क पस्तीस लाख मार्कांना विकत घेतले, त्यातला मोठा भाग शेअरच्या रूपाने.

आणि इथेच ज्याला आपण भरवसा म्हणतो त्याचा प्रश्न आला. आज डिझेल इंजिन म्हणजे दणकट, न रुसणारे, अशी आपली समजूत आहे. पण पहिल्या गिऱ्हाइकांकडे गेलेली इंजिने सतत बंद पडत. इंधन फवारण्यासाठी वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे, तो दगा देई. नोझल चोंदत. गिऱ्हाइकांनी इंजिने परत केली, पैसे मागितले. ऑग्सबुर्गला डिझेलच्या नावाने काढलेला कारखाना लवकरच ठप्प झाला. प्रयोगशाळेतल्या चाचणीत उत्तम ठरलेले औषध आणि खेड्यातल्या दवाखान्यात, विजेच्या लपंडावात, घाईच्या हातांनी दिलेले औषध, यांच्यात जो फरक पडतो तोच इथे पडला. प्रा. श्र्योटर यांच्या टक्केवारीत खोट नव्हती. तिने फक्त सर्वोत्तम दिवस मोजला होता.

त्याच सुमारास पेटंटवरून भांडणे सुरू झाली. प्रत्यक्ष चालणारे इंजिन पेटंटमधल्या मूळ कल्पनेपेक्षा वेगळे आहे, असा टीकाकारांचा आरोप होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. ज्या आदर्श ज्वलनाचे गणित त्याने मांडले होते ते लोखंडात उतरत नाही हे कळल्यावर त्याने मुकाट्याने मार्ग बदलला होता. १८९८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हातात लाखो मार्क असताना तो कोसळला आणि म्युनिकच्या एका मानसोपचार आरोग्यधामात त्याला दाखल व्हावे लागले.

त्या काळी अशा रुग्णांना नसा थकल्या असे सांगत. विश्रांती, स्नान, हवापालट एवढेच उपचार. आमच्या ओपीडीत आजही असा माणूस डोकेदुखी, छातीत धडधड, झोप नाही अशा तक्रारी घेऊन येतो, मन उदास आहे असे सहसा सांगत नाही. पगार चांगला, पद चांगले, म्हणून घरचेही मानायला तयार नसतात. अशा वेळी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. डिझेलच्या काळी तशी सोय कुठे होती?

तो सावरला, पण पुरता नाही. म्युनिकमध्ये त्याने प्रासादासारखे घर बांधले. जमिनीच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसे बुडाले. यंत्राचा हिशोब दशांशापर्यंत करणारा हा माणूस पैशांच्या हिशोबात भाबडा होता. इंजिन मात्र हळूहळू सुधारत गेले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि तिथे एक छोटे इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. १९१२ मध्ये डिझेल इंजिनावर चालणारे सेलांडिया हे डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकला गेले. जगभरच्या नौदलांचे डोळे त्याच्याकडे लागले.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढला. इंग्लंडमध्ये त्याच्या इंजिनांच्या कंपनीचे काम होते. सोबत्यांबरोबर जेवला, गप्पा मारल्या, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून दहाच्या सुमारास खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेले नव्हते. डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि घडी केलेला कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. तो इतका खराब झाला होता, की खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्यांत चष्म्याचे घर होते, खिशातला चाकू होता आणि गोळ्यांची छोटी डबी होती. धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचे ओळखले.

तेलकंपन्यांनी मारले, जर्मन हेरांनी मारले, अशा कथा पुष्कळ रंगल्या. मागे राहिलेले कागद सांगतात, की तो कर्जात बुडाला होता. मी डॉक्टर म्हणून कथांपेक्षा जुन्या नोंदींकडे पाहतो: आधी एकदा झालेला गंभीर मानसिक आजार, वर्षानुवर्षांचे दुखणे, मोडलेली झोप, लपवलेले कर्ज. नक्की काय घडले ते त्या रात्रीच्या समुद्रालाच ठाऊक. पण असा रुग्ण माझ्यासमोर आला, तर मी त्याला एकट्याला प्रवासाला जाऊ देणार नाही.

तो गेला तेव्हा त्याचे इंजिन रस्त्यावर आलेले नव्हते. फवाऱ्याचा कॉम्प्रेसर एवढा बोजड होता, की जहाज किंवा कारखाना सोडून ते कुठे बसणार? रस्ता मोकळा केला तो इतरांनी. बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांजने १९०९ मध्ये मुख्य सिलिंडरला जोडून एक छोटी खोली ठेवण्याची युक्ती काढली. इंधन आधी त्या खोलीत पेट घेते आणि मग ज्वाळा जोराने सिलिंडरमध्ये शिरते. कॉम्प्रेसरची गरजच संपली. १९२७ पासून बॉशचे इंधनपंप मोठ्या संख्येने मिळू लागले. १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल मोटार आली आणि टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली.

आमच्या मामांच्या गाडीतले इंजिन याच घराण्यातले. मर्सिडीजचे ओएम ६१६, हे १९७३ पासून मोटारींत वापरले गेले आणि ऐंशीच्या दशकात परवान्याने बजाज टेम्पोकडे आले. २.४ लिटर, चार सिलिंडर, लोरांजची ती छोटी खोली, आणि दाबाचे प्रमाण एकवीसास एक, म्हणजे एकवीस भाग हवा एका भागाच्या जागेत कोंबायची. मोटारीत त्याची ताकद सुरुवातीला ६५ अश्वशक्तीच होती. आजच्या हिशोबाने अगदीच किरकोळ. पण ज्या यंत्राला जन्मभर इतका दाब सोसायचा असतो त्याची भिंत, दट्ट्या, क्रँक सगळे जाडजूडच करावे लागते. आपल्या धमन्यांना उच्च दाब सोसत नाही कारण त्या त्यासाठी घडलेल्या नाहीत. हे इंजिन घडलेच त्यासाठी. त्यातून फेऱ्या कमी, ठिणगीचा सारा पसारा नाही, आणि डिझेल स्वतःच थोडे वंगण. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची मर्सिडीज याच इंजिनावर ४६ लाख किलोमीटर चालली आणि आज कंपनीच्या संग्रहालयात आहे. इंजिने अनेकदा बदलली, दुरुस्त केली, हेही सांगायला हवे, नाहीतर मेकॅनिक हसतील.

थंडीतली त्याची खोड त्या छोट्या खोलीमुळेच. तिच्या भिंती दाबलेल्या हवेची ऊब पटकन शोषून घेतात, म्हणून आधी हीटर तापवायचा. मामांना हे सूत्र ठाऊक नव्हते, पण कोणत्या थंडीला किती सेकंद थांबायचे ते बरोबर ठाऊक होते. पाणी आणि ऑईल रोज पाहायचे, एअर फिल्टर धुळीने भरू द्यायचा नाही, गाडी तापली तर ओढत न्यायची नाही, हेड गॅस्केट जाईल. ते कधी इंजिन कामाला घेऊन गेले असे मला आठवत नाही. दुसऱ्या एका पाळीचा चालक हेच इंजिन वर्षात दोनदा गॅरेजला न्यायचा.

आता धुराचे. हाही त्याच कल्पनेच्या पोटातून निघतो. पेट्रोलमध्ये इंधन आणि हवा आधी मिसळतात. इथे फवारा तापलेल्या हवेत थेट शिरतो, थेंबाच्या गाभ्याला प्राणवायू कमी पडतो आणि काजळी होते. उलट जिथे हवा भरपूर आणि उष्णता प्रचंड, तिथे नायट्रोजनची ऑक्साइडे होतात. ज्या उष्णतेने कार्यक्षमता दिली तिनेच हे दिले. काजळीचे अतिसूक्ष्म कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. दमेकऱ्याला ते लगेच कळते, हृदयरोग्याला उशिरा. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. त्या निर्णयात अमेरिकेतल्या भूमिगत खाणींतल्या कामगारांच्या अभ्यासाचे वजन मोठे होते. बंद जागेत डिझेल यंत्रांबरोबर वर्षे काढलेली माणसे ती.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम आले. काजळी पकडणारा फिल्टर आला, अनेक गाड्यांत युरियाचे द्रावण आले. हा फिल्टर अधूनमधून भरधाव धावून, तापून स्वतःला जाळून साफ करतो. रुग्णवाहिका मात्र तासन्‌तास उभी, इंजिन चालू, मग चार किलोमीटर धावते आणि पुन्हा उभी. अशाने फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, गाडी जोर धरत नाही. त्यामुळे नव्या गाडीला महामार्गाची एखादी फेरी मिळेल असे पाहावे, आणि उभे असताना इंजिन बंद करावे. बॅटरी कमजोर आहे म्हणून इंजिन चालू ठेवणे हे फार महाग पडते, बॅटरी बदलावी.

आमच्या अपघात विभागाच्या खिडकीखाली रुग्णवाहिका उभी राहायची. खिडकीच्या आत नेब्युलायझरची खोली. दम लागलेले मूल आत वाफ घ्यायचे आणि बाहेर इंजिन घुरघुरत असायचे. हे कित्येक वर्षे चालले आणि मीही त्यात काही चूक पाहिली नाही. मामांनीच निवृत्तीच्या आधी गाडी मागच्या फाटकाशी, लिंबाच्या झाडाखाली लावायला सुरुवात केली. स्ट्रेचर तेवढे तीस पावले जास्त ढकलावे लागते.